लग्न खरं असल्याचा पुरावा

आमच्या घरमालकीण मावशी स्वतःची जन्मतारीखसुद्धा ठामपणे सांगत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "कागदावर जून लिव्हलाय. आई म्हणायची भाताची लावणी चालली होती. मी काय बघितलं न्हाय." हा विनोद नव्हता. जन्माच्या वेळी आपण स्वतः तिथे हजर होतो, एवढ्या जोरावर साक्ष द्यायला त्या तयार नव्हत्या.

डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं, हा त्यांचा नेम होता आणि उपास पाळावा तसा तो त्या पाळत. शेजारीण म्हणाली पोराला ताप आलाय, की मावशी आधी उठून पोराच्या कपाळाला हात लावणार आणि मगच "हाय ताप" म्हणणार. पेपर रोज वाचत, पण बातमी सांगताना "असं छापलंय" असंच म्हणत. आमच्या गल्लीचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप होता. त्यावर एकदा कोपऱ्यावरचे म्हातारे टेलरचाचा गेल्याची बातमी आली आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मावशी पदर खोचून थेट चाचांच्या घरी गेल्या. चाचा दारात बसून चहा पीत होते. गेला होता तो त्यांचा गावाकडचा चुलतभाऊ. मावशींनी ग्रुपवर अवाक्षर लिहिलं नाही, चाचांकडे अर्धा कप चहा घेतला आणि घरी आल्या.

कामतघर भागात त्यांचं हे घर. खाली त्या एकट्या राहायच्या आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. वर जायला बाहेरून लोखंडी जिना, आणि जिन्याच्या पायथ्याशीच मावशींचं दार आणि पत्र्याची खिडकी. कोण गेलं, कोण आलं, हातात काय होतं, तोंड कसं होतं, हे सगळं त्या खिडकीतून दिसे. गल्लीतली पोरं त्यांना मागून सीसीटीव्ही म्हणत. मला तो पहारा नकोसा व्हायचा. गोडाऊनमधून दमून यावं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच खिडकीतून "आज उशीर झाला" ऐकू यावं, याचा राग कुणाला येणार नाही? पण त्या आपण होऊन कुणाचं कुणाला सांगत नसत, एवढं मान्य करायला हवं. विचारलं तरच सांगत, आणि विचारलं की सगळं सांगत. हा दुसरा भाग जास्त घातक होता.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना शेजारीपाजारी चौकशी करण्याची पद्धत आहे. मुलीकडचे मुलाच्या गल्लीत येऊन पानटपरीवर विचारतात, मुलाकडचे मुलीच्या गल्लीत येऊन एखाद्या वयस्कर बाईला विचारतात. अशा वेळी काय बोलायचं हे सगळ्यांना पाठ असतं. मुलगी गुणाची आहे, घर चांगलं आहे, डोळे मिटून करा. मावशींना विचारलं तर त्या म्हणत, "सैपाक येतो का म्हाईत न्हाय, मी जेवले न्हाय तिच्या हातचं. नळावर भांडत न्हाय, एवढं बघितलंय." यापायी एक जमलेलं लग्न मोडलं आणि त्या घराने मावशींशी बोलणं टाकलं. पुढे मात्र उलटं झालं. ज्यांना खरंच चौकशी करायची असे ते पानटपरी सोडून मावशींचंच दार वाजवू लागले.

मावशी सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होत्या. तिथे दाराबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना नीट पाहून, खात्री करून सांगावं लागे, त्यातूनच हा स्वभाव बनला, असं काही जण म्हणत. मला हे पटलं होतं. एकदा मी त्यांना तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "न्हाय ग, माझी आईबी अशीच होती." म्हणजे तोही सिद्धांत बारगळला.

आम्ही खोली घ्यायला गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याने नेहमीचं भाषण केलं होतं: आम्ही शांत माणसं आहोत, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते बघू. भाडेकरार त्यांनी लगेच केलाच नाही. दोन माणसं राहतात असं करारात लिहायचं तर आधी दोन माणसं राहिली पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं. दलाल कपाळाला हात लावून बसला. महिन्याभराने त्यांनी बोलावून करार केला, तोही फक्त नवऱ्याच्या नावाने, कारण त्या दिवशी मी ड्युटीवर होते आणि मला सही करताना त्यांनी पाहिलं नसतं. तेव्हा मला याचं हसू आलं होतं. पुढे ते चांगलंच महागात पडायचं होतं.

माझा नवरा लूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा कारागीर. त्याच्या हाताला गुण होता. आमची मुलगी वर्षाची झाली तेव्हा त्याला न्यूझीलंडला लोकरीच्या सुताच्या गिरणीत काम मिळालं. ओळखीचा एक जण आधी गेला होता, त्याने याचं नाव सुचवलं. नवरा गेला, टिकला, आणि काही काळाने त्याला तिथे कायम राहण्याची परवानगी मिळाली. आता मी आणि मुलगी बायको-मुलगी म्हणून अर्ज करू शकत होतो. तोपर्यंत मुलगी तीन वर्षांची झाली होती. बापाला ती मोबाइलवर रोज बघायची, पण त्याच्या मांडीवर बसल्याचं तिला काहीही आठवत नव्हतं. मला फक्त एवढंच हवं होतं की तिची शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही तिघं एका घरात असावं.

मी धामणकर नाक्यावरच्या एका एजंटला गाठलं. पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, छातीचा एक्स-रे, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला. पोलिसांच्या दाखल्याची सगळ्यांनी भीती घातली होती, तो सुतासारखा सरळ आला. अडलं भलत्याच ठिकाणी. लग्नाचा दाखला असला तरी हे दोघं खरोखरच नवरा-बायकोसारखे राहत होते, याचा वेगळा पुरावा तिकडच्या लोकांना हवा होता. लग्न झालं हे त्यांना मान्य होतं, संसार झाला का ते बघायचं होतं.

मी कागद शोधायला बसले आणि घाम फुटला. भाडेकरार त्याच्या नावावर. लाईट बिल मावशींच्या नावावर. गॅस सासऱ्यांच्या नावावर, तोही गावी, अकलोलीला. सिलेंडर तिकडून ओळखीच्या टेम्पोतून यायचा. बँकेची खाती वेगळी. दोघांच्या नावावर असलेली आमच्या संसारातली एकच गोष्ट म्हणजे मुलगी. फोटोंची तीच गत. लग्न लॉकडाऊनमध्ये घरातल्या घरात झालेलं. जे फोटो होते त्यांत दोन मामा, एक आत्या आणि मध्ये आम्ही, आणि नवरा आधार कार्डाचा फोटो काढायला उभा राहावा तसा उभा. एजंटने व्हॉट्सअॅपवरचे आमचे मेसेज मागितले. मी दाखवले. गॅस संपला. दूध आणा. हो. कधी येणार. अंगठा. एजंट वर-खाली करत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ताई, एवढ्या चॅटमध्ये एकदा तरी आय लव्ह यू पाहिजे होतं."

खरं म्हणजे मलाही आतून शंका खात होती. आमचं पटायचं असं कुणी म्हटलं नसतं. तो पहाटेच्या शिफ्टला जायचा, मी सकाळी गोडाऊनला बिलिंगसाठी निघायची, संध्याकाळी दोघं दमलेले भेटायचो आणि भांडायचो. भांडण कशावरूनही सुरू होवो, माझं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: तुम्ही रोज चोरासारखे निघून जाता. कारण मी उठायची तेव्हा तो गेलेला असायचा. हाक नाही, आवाज नाही. आदल्या दिवशीचं भांडण तसंच ठेवून माणूस गुपचूप पळ काढतो, तोंड दाखवायला नको म्हणून, अशी माझी पक्की समजूत होती. तो यावर कधी उत्तर देत नसे, त्यामुळे समजूत आणखी पक्की झाली.

एजंटने उपाय काढला. आम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची पत्रं जोडायची. मजकूर त्याच्याकडे तयार होता, नावं तेवढी बदलायची. घरमालकिणीचं पत्र असलं तर वजन पडेल, असं तो म्हणाला. मी छापील कागद घेऊन मावशींकडे गेले आणि मराठीत अर्थ सांगितला: मी या जोडप्याला ओळखते, ते माझ्या घरात अत्यंत सुखाने राहतात.

मावशींनी पेन मागितलं आणि "अत्यंत सुखाने" यावर रेघ मारली.

मी विनवलं. सुख म्हणजे नुसता लिहायचा शब्द आहे, सगळेच लिहितात, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, अजून काय लिहिलंय. मी पुढची ओळ सांगितली, की संध्याकाळी दोघं हातात हात घालून समुद्रकिनारी फिरायला जातात. मावशींनी तीही खोडली. माझा तोल गेला. तुमचं काय जातं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

"माझी सही जाते," त्या म्हणाल्या.

मी तणतणत जिना चढले. मुलीला त्यांच्याकडे ठेवून मी कामाला जायची, पण पुढचे काही दिवस तिला ठेवताना आणि घेताना एक शब्द बोलले नाही. दोन सह्या मी दुसरीकडून आणल्या, एक मावसभावाची आणि एक गोडाऊनमधल्या मैत्रिणीची. दोघांनी न वाचता केल्या. मी मात्र तो मजकूर वाचला होता. समुद्रकिनारा मलाही खटकला होता, पण वाटलं, तिकडच्या लोकांना असलं आवडत असेल. फाईल गेली.

उत्तर आलं. भाषा सभ्य होती. तुमच्या दोन्ही पत्रांतला मजकूर शब्दशः सारखा आहे, आणि हाच मजकूर याआधी इतर अर्जांतही आलेला आहे. शिवाय तुम्ही दिलेल्या पत्त्याजवळ समुद्रकिनारा कुठे आहे, ते कळवावं. लग्न खरं असल्याचा दुसरा पुरावा ठरल्या मुदतीत द्यावा, नाहीतर हातात आहे त्यावर निर्णय घेऊ. एजंटच्या फॉर्मॅटवर नाक्याच्या आसपासची किती जोडपी हातात हात घालून किनाऱ्यावर फिरून आली होती कोण जाणे. एजंट म्हणाला, टेन्शन घेऊ नका ताई, आपण दुसरा फॉर्मॅट काढू. मी फाईल उचलली आणि घरी आले.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, नाही झालं तर मी परत येतो. एवढी चांगली नोकरी सोडून परत माग दुरुस्त करायला येतो म्हणाला. मी त्यावरूनही भांडले. फोन ठेवल्यावर खूप रडले, कारण नाकारलं गेलं तर पुढेही आमच्यावर खोट्या लग्नाचा शिक्का राहणार होता आणि मुलीला बाप मोबाइलमध्येच बघावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या दारात उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला जसं वाटतं तसं लिहून द्या. त्या म्हणाल्या, लिहिलेलं तर सगळेच देतात, त्यांना म्हणावं मला विचारा. माझा नंबर द्या. मी उत्तरात सगळं खरं ते लिहिलं, किनारा नाही हेही लिहिलं, आणि मावशींचा नंबर दिला. त्या दिवसापासून मावशी मोबाइल घेऊन न्हाणीघराच्या दारापर्यंत जायच्या.

फोन सकाळी आला. मी मुलीला सोडायला खाली आले होते. मावशींना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोन नेहमी स्पीकरवर ठेवत. तिकडचा अधिकारी इंग्रजीत विचारत होता आणि एक बाई ते मराठीत सांगत होती, अगदी स्वच्छ, पुस्तकातल्यासारख्या मराठीत. पहिलाच प्रश्न, तुमच्यासोबत आणखी कुणी आहे का. दुसऱ्या कुणी नाही म्हटलं असतं. मावशी म्हणाल्या, हाय, तीच बायको समोर उभी हाय. मग मला बाहेर जायला सांगण्यात आलं. मी मुलीला घेऊन जिन्यापाशी गेले. मावशींनी तिकडे कळवलं की ती बाहेर गेली, पण खिडकी उघडी हाय, तिला ऐकू जाईल. खिडकी लावायला सांगितली गेली. त्यांनी लावली. पण ती पत्र्याची खिडकी, आणि मावशींचा आवाज वॉर्डात कमावलेला. मी पायरीवर बसून सगळं ऐकलं.

दोघं सुखात राहत होते का, असं विचारलं गेलं.

"सुखाचं म्हाईत न्हाय. भांडायचे."

कशावरून, हे विचारल्यावर मावशींनी सविस्तर सांगितलं. गॅसवरून, त्याच्या आईवरून, हिच्या नोकरीवरून. एकदा तर आठवडाभर बोलतच नव्हते, पोरीच्या हातून निरोप पाठवायचे आणि पोरीला तर बोलताबी येत नव्हतं. मी डोक्याला हात लावला. दोन वर्षांची धडपड त्या एकेका वाक्याने बुडवत होत्या, आणि उठून दार वाजवावं तर तेही त्यांनी तिकडे कळवलं असतं.

थोड्या वेळाने त्या बाईने विचारलं, मग हे लग्न खरं आहे असं तुम्ही कशावरून म्हणता?

"अहो, खोट्या लग्नात येवढं कोण भांडंल? खोटंच असतं तर माझ्यासमोर गोड बोलले असते."

त्या बाईने ते इंग्रजीत सांगितलं. अधिकारी नुसतं ओके म्हणाला. मला वाटलं संपलं. पण प्रश्न आला, तुम्ही स्वतः आणखी काय पाहिलंत?

मावशी म्हणाल्या, "तो पहाटं ड्युटीला जायाचा. आमचा जिना लोखंडाचा हाय, मांजर चढली तरी वाजतो. हा चपला हातात घेऊन अनवाणी उतरायचा. खाली माझ्या दारात येऊन घालायचा. थंडीतबी तसंच. आदल्या दिवशी भांडलेले असले तरी तसंच. ती वर झोपलेली असायची. मी दुधासाठी उठलेली असायची, म्हणून बघितलं."

"कधी कधी?" त्या बाईने विचारलं.

"रोज," मावशी म्हणाल्या.

माझ्या कडेवरची मुलगी माझ्या गालाला हात लावून बघत होती, कारण गाल ओला होता. लूमच्या आवाजाची आपल्याला सवय होते, त्या जिन्याची कधी झाली नव्हती. वरच्या दुसऱ्या खोलीतलं कुणी चढलं तरी माझी झोप मोडायची. एवढी वर्षं नवऱ्याच्या जाण्याने मात्र एकदाही मोडली नाही, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी फक्त तो चोरासारखा जातो एवढंच धरून बसले होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला. लग्न खरं असल्याचा पुरावा अधिकाऱ्याआधी मला हवा होता, हे मला तिथे पायरीवर कळलं.

फोन संपल्यावर मी आत गेले. मावशी चहाचं आधण ठेवत होत्या. मी विचारलं, मला हे कधीच का सांगितलं नाहीत? आम्ही इतके भांडायचो, मी तुमच्यासमोर रडले, तेव्हा तरी सांगायचं.

"तू जागी राह्यली असतीस," त्या म्हणाल्या. "मग तो कशाला अनवाणी उतरंल?"

परवानगी मिळाली. निघायच्या दिवशी मावशींनी मुलीला काजळाची तीट लावली, माझ्या बॅगेचं वजन स्वतःच्या हाताने उचलून बघितलं आणि जास्त हाय म्हणाल्या. ते खरंच जास्त निघालं.

इथे आम्ही भाड्याच्या लाकडी घरात वरच्या मजल्यावर राहतो. नवऱ्याची शिफ्ट इथेही पहाटेचीच आहे. हिवाळ्यात लेस बांधायचे जाडजूड बूट लागतात. ते तो हातात घेऊन बाहेर जातो, दार हळूच ओढून घेतो आणि थंडगार पायरीवर बसून बांधतो. मला हे माहीत आहे, कारण आता मी जागी असते. डोळे मिटून, झोपलेल्या माणसासारखा श्वास घेत पडून राहते, तो गेटबाहेर पडला की मग उठते. त्याला हे मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. भांडण झालं की "तुम्ही रोज चोरासारखे निघून जाता" हे मी अजूनही म्हणते. म्हणायचं सोडलं तर त्याला संशय येईल.